स्थिर फायलींची ब्राउझर कॅश : एन्जिनएक्सवर कोणत्या फायलीला किती मुदत द्यावी?

पारिजातक

नमस्कार. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे तांत्रिक काम माझ्याकडे आहे. जुन्या मासिकांचे अंक, त्यांची अनुक्रमणिका आणि दर काही महिन्यांनी येणारे नवे लेख असे त्याचे स्वरूप आहे. पाने ह्यूगो या संकेतस्थळ बांधणाऱ्या साधनाने तयार होतात आणि उबुंटूवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरकडून थेट फायली म्हणून दिली जातात. डेटाबेस किंवा पीएचपी कुठेही नाही. मुक्त या देवनागरी फॉन्टच्या तीन वजनांच्या फायली आम्ही स्वतःच्याच एका उपडोमेनवरून देतो. अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ मोठ्या आहेत, काही तर ४० एमबीच्या पुढे जातात. बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात आणि त्यांतील बरेचसे अशा गावांतून, जिथे सिग्नल येतो आणि जातो.

अडचण दुहेरी आहे. साधारण पाच महिन्यांनी नव्या मांडणीसह लेख चढवले, तेव्हा काही वाचकांना नवा लेख जुन्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या जुन्या सीएसएस फायलीप्रमाणे, दिसला. समासटिपा मजकुरावर चढल्या होत्या आणि कवितांच्या ओळी मोडल्या होत्या. तक्रारी दहा-बारा दिवस येत राहिल्या आणि मग आपोआप थांबल्या. याच्या अगदी उलट तक्रारही आली. ज्या वाचकांकडे फॉन्ट आधीच उतरलेले असायला हवे होते, त्यांना ते पुन्हा उतरवावे लागले. फॉन्टच्या फायलींत मात्र आम्ही काहीही बदल केलेला नव्हता.

स्टाइलशीटसोबत सर्व्हर पाठवतो ते हेडर पाहिले असता २०० (पूर्ण फाईल दिली) हा प्रतिसाद, लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) आणि ईटॅग (फाईलच्या आवृत्तीची खूण) एवढेच दिसते. प्रत किती काळ वापरावी हे सांगणारे कॅश-कंट्रोल नाही. जालावर सगळीकडे एकच तोडगा वाचायला मिळतो, की सीएसएस, जेएस, चित्रे आणि फॉन्ट या प्रकारांसाठी एक लोकेशन ब्लॉक, म्हणजे ठरावीक पत्त्यांपुरता नियमांचा गट, लिहून सरसकट एक वर्षाची मुदत द्यावी. असे केल्यास पहिली अडचण आणखी बिकट होईल, अशी मला शंका आहे, म्हणून अजून हात लावलेला नाही. कोणत्या फायलीला किती मुदत द्यावी हे कशावरून ठरवावे, आणि कॅश-कंट्रोल पाठवलेलेच नसताना ब्राउझरने जुनी स्टाइलशीट इतके दिवस का धरून ठेवली, हे दोन्ही समजून घ्यायचे आहे.

सह्यकडा

तुमची शंका बरोबर आहे. तो सरसकट नियम आज लावला, तर दहा-बारा दिवसांची अडचण वर्षभराची होईल, आणि एकदा वाचकाच्या फोनमध्ये वर्षाची मुदत घेऊन बसलेली फाईल सर्व्हरवरून परत मागवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर आहे. कॅश-कंट्रोल न पाठवणे म्हणजे कॅश, अर्थात ब्राउझरचा प्रतींचा साठा, बंद ठेवणे नव्हे. मुदत स्पष्ट सांगितलेली नसेल, तर ब्राउझरने स्वतः अंदाज बांधावा, अशी मोकळीक एचटीटीपीच्या मानकातच आहे. सध्या लागू असलेल्या आरएफसी ९१११ मध्ये, म्हणजे २०२२ च्या दस्तऐवजात, त्यासाठी नेहमीचे प्रमाण म्हणून १० टक्के सांगितले आहे. फाईल शेवटची बदलल्याला जितका काळ लोटला असेल, त्याचा दहावा हिस्सा ती ताजी मानायची. तुमची स्टाइलशीट पाच महिने, म्हणजे सुमारे १५० दिवस, बदललेली नव्हती. नवी मांडणी चढण्याच्या आदल्या दिवशी ज्या वाचकाने ती उतरवली, त्याच्या ब्राउझरने हिशेब केला आणि तिला १५ दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी तो नव्या लेखावर गेला. लेखाचा पत्ता नवा असल्यामुळे पान सर्व्हरवरून आले, स्टाइलशीटचा पत्ता मात्र जुनाच असल्यामुळे ती सर्व्हरला न विचारता स्वतःच्या साठ्यातून काढली गेली. तक्रारी दहा-बारा दिवसांत आपोआप का थांबल्या, याचा उलगडा इथे होतो.

फॉन्टचे कारण वेगळे आहे, पण मूळ तेच. एन्जिनएक्स ईटॅग तयार करताना फाईलचा मजकूर पाहत नाही. बदलाची वेळ आणि आकार या दोनच गोष्टींवरून तो बनवतो. फायली चढवताना तुमच्या साधनाने सगळ्यांना त्या क्षणाची वेळ दिली असणार. फॉन्टचा एकही बाइट बदलला नाही, तरी ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड दोन्ही बदलले, त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरने पडताळणीसाठी जुना ईटॅग पाठवला, तेव्हा ३०४ (बदल नाही, जवळची प्रत वापरा) ऐवजी २०० आला आणि त्यासोबत संपूर्ण फॉन्ट. पुढचे काही तास तर आणखी वाईट असतात, कारण नुकत्याच बदललेल्या फाईलचा दहावा हिस्सा म्हणजे काही मिनिटेच, आणि त्यामुळे जवळपास प्रत्येक पानावर ब्राउझर पुन्हा विचारणा करतो. कमकुवत सिग्नलवर ३०४ सुद्धा फुकट पडत नाही, विनंती जाऊन उत्तर येईपर्यंत मजकूर थांबून राहतो.

आता मुदत कशावरून ठरवावी. फाईलच्या प्रकारावरून ठरवू नये. सीएसएस आहे की चित्र आहे, यावरून काहीच कळत नाही. विचारायचा प्रश्न असा की, या पत्त्यावरचा मजकूर पुढे कधी बदलेल का? जिथे मजकूर बदलला की पत्ताही बदलतो, तिथे मुदत हवी तितकी मोठी द्यावी. जिथे पत्ता तोच राहून मजकूर बदलतो, तिथे ब्राउझरने प्रत जवळ ठेवावी पण वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारावे. या दुसऱ्या वर्तनाचे नाव नो-कॅश आहे. नाव वाचून ‘साठवू नका’ असा समज होतो, परंतु ते काम नो-स्टोअरचे आहे. तुमच्या एचटीएमएल पानांना नो-कॅश योग्य आहे. नो-स्टोअर दिलेत, तर बदल नसतानाही पान दर वेळी पूर्ण उतरेल.

ह्यूगोमध्ये यासाठी लागणारी सोय तयार आहे. स्टाइलशीट आणि जावास्क्रिप्ट ‘स्टॅटिक’ फोल्डरमधून काढून ‘अ‍ॅसेट्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि साच्यात त्यांना फिंगरप्रिंटच्या नळीतून जाऊ द्या. मग फाईलच्या नावातच तिच्या मजकुराचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ६४ चिन्हांची षोडशमान संख्या, येते. एक स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलते. काहीच बदलले नाही तर नाव तेच राहते. ‘स्टॅटिक’मधल्या फायलींना ही नळी लागू होत नाही, त्या जशाच्या तशा उचलल्या जातात, हे ध्यानात असू द्या. फॉन्टचे पत्ते स्टाइलशीटच्या आत लिहिलेले असल्याने त्यांना आपोआप ठसा मिळत नाही. त्यांच्या नावात हातानेच आवृत्ती घाला, जसे मुक्त-रेग्युलर-व्ही१, आणि फॉन्टची नवी आवृत्ती आली की व्ही२ करा. फॉन्ट वर्षानुवर्षे बदलत नाहीत, त्यामुळे हे ओझे नाही.

एन्जिनएक्समध्ये मी लोकेशन ब्लॉकची गर्दी करणार नाही. एचटीटीपी पातळीवर, सर्व्हर ब्लॉकच्या (एका डोमेनच्या नियमांच्या) बाहेर, एक मॅप, म्हणजे पत्ता आणि मुदत यांची जोडी लावणारा तक्ता, लिहावा. तो यूआरआय (फाईलचा पत्ता) पाहून मुदत ठरवेल, आणि प्रत्येक सर्व्हर ब्लॉकमध्ये एक्स्पायर्स या मुदत लावणाऱ्या निर्देशाला त्या मॅपचे चल (व्हेरिएबल) द्यावे. मॅपचे मूलभूत मूल्य उणे १ ठेवा. एक्स्पायर्सला ऋण मूल्य मिळाले की एन्जिनएक्स स्वतःच कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश पाठवतो. त्यानंतर एक टिंब, मग ० ते ९ आणि ए ते एफ यांपैकी नेमकी ६४ चिन्हे आणि पुन्हा टिंब, असा नियमित रचनेचा (रेग्युलर एक्सप्रेशनचा) नियम लिहून त्याला एक वर्ष द्या. फॉन्टच्या फोल्डरला एक वर्ष, पीडीएफना ३० दिवस, मुखपृष्ठांच्या चित्रांना ७ दिवस. नियमात संख्येसाठी महिरपी कंस येतात, म्हणून तो संपूर्ण नियम अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, अन्यथा एन्जिनएक्स कंसाला ब्लॉकची सुरुवात समजून चूक दाखवतो. वर्ष लिहिले की हेडरमध्ये मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद दिसेल. एक्स्पायर्सला ‘मॅक्स’ हा शब्दही देता येतो, तो १० वर्षांची मुदत लावतो, पण वर्षभरापेक्षा अधिक मुदतीने हाती काही जास्त लागत नाही.

ओसरी

सह्यकडा यांचा प्रतिसाद पटला, पण एवढ्या छोट्या संकेतस्थळासाठी फायलींची नावे बदलण्याची यंत्रणा उभी करणे आवश्यक आहे का, असा प्रश्न पडतो. स्टाइलशीटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून ‘व्ही=२’ असे लिहिले, तरी ब्राउझरच्या दृष्टीने तो वेगळाच पत्ता होतो. आमच्या कार्यालयात बरीच वर्षे असेच चालते आणि ब्राउझरकडून तक्रार आलेली नाही.

शिवाय फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देण्याऐवजी गूगल फॉन्ट्सवरून दिले, तर दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळामुळे मुक्त फॉन्ट वाचकाकडे आधीच आलेला असण्याची शक्यता असते. तो बोजा मग आपल्यावर राहणार नाही.

सह्यकडा

ब्राउझरपुरते आपले म्हणणे खरे आहे. साठ्यातील नोंद संपूर्ण पत्त्यावर होते आणि प्रश्नचिन्हापुढचा भाग त्यात धरला जातो. अडचण सर्व्हरच्या बाजूला येते. ‘व्ही=१’ आणि ‘व्ही=२’ मागितले तरी डिस्कवरची फाईल एकच असते. वाचकाने सकाळी लेख उघडून ठेवला, दुपारी तुम्ही नवी स्टाइलशीट चढवली आणि संध्याकाळी त्याच्या फोनने ते जुने पान पुन्हा उभारले, तर ते ‘व्ही=१’ मागेल आणि त्याला नव्या मांडणीची फाईल मिळेल. जुने पान आणि नवी स्टाइलशीट, म्हणजे पारिजातक यांच्या तक्रारीचीच उलटी बाजू. त्यातही वर्षाची मुदत लागलेली असेल, तर ही चुकीची जोडी ‘व्ही=१’ या नावाखाली वर्षभर टिकेल. नावातच ठसा असेल, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही फायली सर्व्हरवर शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येक पानाला त्याची स्वतःची फाईल मिळते. मध्ये सीडीएन (फायलींच्या प्रती वाटणारे मधले सर्व्हर) असेल, तर प्रश्नचिन्हापुढचा भाग दुर्लक्षित करण्याची मांडणीही काही ठिकाणी केलेली असते. ह्यूगोमध्ये हे काम साच्यातल्या एका ओळीचे आहे, त्यामुळे मी तरी कमी भरवशाचा मार्ग सुचवणार नाही.

फॉन्टबद्दलचा मुद्दा पूर्वी खरा होता, आता राहिला नाही. एका संकेतस्थळाने आणलेली फाईल दुसऱ्याला साठ्यातून मिळाली, तर वाचक कुठे कुठे जाऊन आला याचा माग काढता येतो, म्हणून ब्राउझरांनी साठा संकेतस्थळागणिक वेगळा केला. सफारीने हे बऱ्याच आधी केले होते, क्रोमने २०२० मध्ये ८६ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८५ व्या आवृत्तीपासून. त्यामुळे वाचकाने मुक्त फॉन्ट अन्यत्र कितीही वेळा उतरवला असला, तरी आपल्या संकेतस्थळासाठी तो पुन्हा उतरतो, आणि वर दुसऱ्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्याचा वेळ जातो. पारिजातक यांनी फॉन्ट स्वतःकडे ठेवले आहेत, तेच योग्य आहे.

दीपमाळ

चढवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुदती कितीही नीट लावल्या तरी पीडीएफचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही.

४० एमबीची पीडीएफ उतरवताना मध्येच सिग्नल गेला, की ब्राउझर उरलेला भाग मागतो आणि सोबत इफ-रेंज या हेडरमध्ये आधीचा ईटॅग पाठवतो. ईटॅग जुळला तर एन्जिनएक्स २०६ देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. जुळला नाही तर तो २०० देतो आणि फाईल पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे तुम्ही नवा लेख चढवताना सगळ्या फायलींच्या वेळा बदलल्या, तर त्या क्षणी कुठेतरी ३५ एमबी उतरवून सिग्नलची वाट पाहत बसलेल्या वाचकाचे सगळे श्रम वाया जातात, आणि ते का, हे त्याला कधीच कळत नाही. ज्यांचा डेटा मोजून मापून वापरला जातो, अशा वाचकांवर ही पाळी येऊ नये, असे मला फार वाटते.

उपाय आरसिंक या फायली चढवण्याच्या साधनात आहे, पण एक खाच आहे. बहुतेक जण ‘-ए’ हा पर्याय डोळे मिटून देतात. त्यात वेळा जपण्याचा ‘-टी’ अंतर्भूत असतो, आणि ज्या यंत्रावर संकेतस्थळ तयार होते, त्यावरच्या वेळा सर्व्हरवर जातात. ते यंत्र कायमचे एकच असेल आणि फायली तिथे तशाच पडून राहत असतील, तर हे उत्तम. मात्र गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून दर वेळी नव्याने प्रत काढून तुम्ही संकेतस्थळ बांधत असाल, तर गिट फायलींच्या मूळ वेळा जपत नाही. प्रत काढली तीच वेळ सगळ्यांना लागते. मग आरसिंक ‘-ए’ ने मजकूर पाठवला नाही, तरी नव्या वेळा इमानेइतबारे लावतो आणि ईटॅग बदलतातच. अशा मांडणीत ‘-आर’ (उपफोल्डरांसकट) सोबत ‘चेकसम’ द्यावे आणि ‘-टी’ वगळावा. मग तुलना मजकुराच्या ठशावर होते, न बदललेल्या फाईलला हातच लागत नाही आणि तिची सर्व्हरवरची जुनी वेळ कायम राहते. ४० एमबीच्या शेकडो फायलींचे ठसे काढायला दोन्ही बाजूंना वेळ लागेल. तो आपल्या यंत्रांचा वेळ आहे, वाचकाचा नव्हे, म्हणून लागू द्यावा. पीडीएफ गिटच्या बाहेर ठेवून स्वतंत्रपणे चढवल्या तर हाही वेळ वाचेल.

चढवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ठसा असलेल्या फायली चढवाव्यात, त्या पोचल्यावरच एचटीएमएल. क्रम उलटा झाला, तर मधल्या काही सेकंदांत आलेला वाचक नवे पान घेईल आणि त्यातली स्टाइलशीट मागताना त्याला ४०४ (फाईल सापडली नाही) मिळेल. सर्व्हरवरच्या जुन्या फायली पुसणारा ‘डिलीट’ हा पर्याय पहिल्या फेरीत अजिबात देऊ नये.

पारिजातक

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मॅप लिहून एक्स्पायर्स लावला. एचटीएमएलवर नो-कॅश आणि स्टाइलशीटवर ३१५३६००० दिसते आहे. तीच विनंती इफ-नन-मॅच या पडताळणीच्या हेडरमध्ये ईटॅग घालून पाठवली, तर ३०४ येतो. इथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणे झाले.

त्यानंतर कुठेतरी इम्म्यूटेबल हा शब्द वाचला आणि तो फॉन्टना द्यावा असे वाटले. फॉन्टच्या उपडोमेनमध्ये फॉन्ट फोल्डरसाठी एक लोकेशन ब्लॉक केला आणि त्यात अ‍ॅड-हेडर या निर्देशाने कॅश-कंट्रोलमध्ये पब्लिक, मॅक्स-एज आणि इम्म्यूटेबल असे लिहिले. माझ्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये पाने व्यवस्थित दिसतात. खासगी खिडकीत उघडले, की मुक्त फॉन्ट येत नाही, यंत्रातला साधा देवनागरी फॉन्ट दिसतो. फॉन्टची फाईल पत्ता टाकून थेट उघडली, तर ती उतरते. लॉगमध्येही २०० आहे. कॅशच्या हेडरमुळे फॉन्ट बंद पडण्याचे कारण काय असू शकेल?

सह्यकडा

आपल्या उपडोमेनच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन हे हेडर अ‍ॅड-हेडरनेच लिहिलेले असणार. फॉन्ट दुसऱ्या उगमावरून (वेगळ्या डोमेन किंवा उपडोमेनवरून) येत असेल, तर हे हेडर असल्याशिवाय ब्राउझर तो वापरत नाही, मग सर्व्हरने २०० दिलेला असला तरीही. एन्जिनएक्समध्ये अ‍ॅड-हेडरचा वारसा सगळा मिळतो किंवा काहीच मिळत नाही. आतल्या ब्लॉकमध्ये एकही अ‍ॅड-हेडर नसेल, तर बाहेरचे सगळे लागू होतात. एक जरी लिहिला, तर बाहेरचे सगळे गळतात. आपण आत कॅश-कंट्रोल लिहिले आणि त्याच क्षणी बाहेरचे परवानगीचे हेडर गेले, शिवाय सुरक्षिततेची इतर काही हेडर तिथे असतील तर तीही. आपल्या नेहमीच्या ब्राउझरकडे फॉन्टची आधीची प्रत परवानगीच्या हेडरसकट वर्षाच्या मुदतीने ठेवलेली आहे, म्हणून तिथे काही बिघडलेले दिसत नाही. खासगी खिडकीचा साठा रिकामा असतो, म्हणून नव्या वाचकाला जे दिसेल, तेच तिथे दिसले. कॅशची कोणतीही तपासणी अशाच रिकाम्या खिडकीत करावी.

एक्स्पायर्स हा वेगळा निर्देश असल्याने त्याने हा वारसा तुटत नाही, आणि मी पहिल्या प्रतिसादात मॅप व एक्स्पायर्स सुचवले, त्यामागे हेही एक कारण होते. आता दोन मार्ग आहेत. लोकेशन ब्लॉक काढून टाकून पूर्वीच्या मांडणीवर परतावे, किंवा त्या ब्लॉकमध्ये परवानगीचे आणि बाकीचे हेडर पुन्हा लिहावे. दुसरा मार्ग घेतल्यास त्या ब्लॉकमधला एक्स्पायर्स ‘ऑफ’ करावा, नाही तर कॅश-कंट्रोलच्या दोन ओळी जातील.

माझा कौल पहिल्या मार्गाला आहे. इम्म्यूटेबलचा अर्थ एवढाच की, मुदत संपेपर्यंत वाचकाने पान पुन्हा लोड केले तरी या फाईलची पडताळणी करू नये. २०१७ च्या आरएफसी ८२४६ मध्ये ते आले, फायरफॉक्स आणि सफारी त्याचा मान ठेवतात. क्रोम ते पाहत नाही, परंतु २०१७ पासून क्रोमने पुन्हा-लोडचे वर्तनच बदलले आणि पानातल्या उपफायलींची पडताळणी तो तशीही करत नाही. तुमच्या मोबाइल वाचकांपैकी मोठा हिस्सा क्रोमवर असेल, तर त्यांच्या अनुभवात काहीच फरक पडणार नाही.

अ‍ॅड-हेडरच्या शेवटी ‘ऑलवेज’ लावण्याची सवय अनेकांना असते. कॅश-कंट्रोलच्या बाबतीत ती टाळावी. ‘ऑलवेज’ असेल तर ४०४ लाही वर्षाची मुदत लागते. दीपमाळ यांनी सांगितलेला क्रम एखाद्या वेळी चुकला, तर ‘फाईल सापडली नाही’ हे उत्तरच वाचकाच्या फोनमध्ये वर्षभर बसेल. एक्स्पायर्सला हा धोका नाही, तो यशस्वी आणि पुनर्निर्देशनाच्या प्रतिसादांवरच लागतो.

ओसरी

प्रश्नचिन्हाबद्दलचे स्पष्टीकरण पटले. आमच्याकडेही आता ठसा असलेली नावे वापरण्याचा विचार करतो. एक विचारायचे राहिले : प्रत्येक वेळी नवी स्टाइलशीट तयार होणार आणि जुनी ठेवायची, तर जुन्या फायली किती काळ ठेवाव्यात?

दीपमाळ

ज्या पानांनी त्या मागितल्या, ती पाने कुणाकडे तरी जिवंत आहेत तोवर. एचटीएमएलला नो-कॅश असेल, तर हा काळ फार मोठा नसतो. उघडे राहिलेले टॅब आणि शोधयंत्रांनी साठवलेल्या प्रती एवढेच उरतात. पारिजातक यांच्याकडे मात्र आज वेगळी स्थिती आहे, कारण नो-कॅश लागण्यापूर्वी उतरलेली एचटीएमएल पाने अजून अंदाजे मुदतीवर वाचकांकडे आहेत आणि ती ठसा नसलेल्या जुन्या नावानेच स्टाइलशीट मागतील. म्हणून ती जुनी फाईल, जुन्या मांडणीसकट, निदान तीन महिने आहे त्या जागी राहू द्यावी. पुढच्या प्रत्येक वेळेसाठी मी दोन महिने धरतो. स्टाइलशीट दाबून २०-३० केबीची होते, त्यामुळे जागेची काटकसर करण्यासारखे तिथे काही नाही.

काढताना फाईलच्या वयावर भरवसा ठेवू नये. चेकसमच्या पद्धतीत न बदललेल्या फाईलची वेळ जुनीच राहते, त्यामुळे ‘६० दिवसांपेक्षा जुन्या फायली काढा’ अशी आज्ञा दिली, तर सध्या वापरात असलेली स्टाइलशीटच पुसली जाईल. सध्याच्या बांधणीत ज्या नावांचा उल्लेख आहे, ती यादी आधी काढावी, आणि त्या यादीत नसलेल्या फायलींपैकीच जुन्या निवडाव्यात.